'वास्तववाद' नेमका कोणाच्या विरोधात?

ओवी

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी एका पुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलांना निरनिराळ्या विद्याशाखांची तोंडओळख करून देणारं पुस्तक आहे. तत्त्वज्ञान, चित्रकला, साहित्य, कायदा, आंतरराष्ट्रीय राजकारण, विज्ञान, समाजशास्त्र अशी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकात 'रिअ‍ॅलिझम' हा शब्द कुठे ना कुठे येतोच. पहिल्या प्रकरणात मी निःशंकपणे 'वास्तववाद' लिहिलं आणि पुढे सरकले. कायद्याच्या प्रकरणाशी आले आणि तिथे आठवडाभर अडकून पडले.

अडचण अशी. तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात मध्ययुगीन युरोपातले वास्तववादी भेटतात. त्यांचं म्हणणं, माणसं जशी खरी तसं 'मनुष्यत्व'ही खरं. ते केवळ आपण दिलेलं नाव नव्हे, त्याला स्वतःचं अस्तित्व आहे. कायद्याच्या प्रकरणात विसाव्या शतकातले अमेरिकन वास्तववादी येतात. ते सांगतात, 'हक्क', 'करार', 'मालकी' या अमूर्त शब्दांना कवटाळून बसू नका, न्यायाधीश प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. म्हणजे पहिल्या प्रकरणात अमूर्ताला खरं मानणारा तो वास्तववादी आणि चौथ्या प्रकरणात अमूर्तावर विश्वास न ठेवणारा तो वास्तववादी! पहिल्या प्रकरणाच्या भाषेत बोलायचं तर कायद्याचे वास्तववादी सरळ नामवाद्यांच्या, म्हणजे अमूर्ताला नुसतं नाव मानणाऱ्यांच्या, गोटात बसतात.

सात-आठ वेळा कच्चा मजकूर लिहून पाहिल्यावर मला वाटू लागलं आहे की 'वास्तववाद' हा भांडणातला शब्द आहे. समोर कोण उभं आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. गंमत म्हणजे समोरच्या पक्षासाठी मराठीत आपण वेगवेगळे शब्द आधीच घडवून ठेवले आहेत. इंग्रजीत 'आयडिअलिझम' एकच. मराठीत तत्त्वज्ञानातला तो 'चिद्वाद' आणि राजकारणातला तो 'ध्येयवाद' किंवा 'आदर्शवाद'. सगळं विश्व चैतन्याचंच आहे असं म्हणणारा आणि जगात शांतता नांदावी म्हणून झटणारा, हे दोघे वेगळे आहेत हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही, शब्दच सांगतो. मग वास्तववादाच्या बाबतीत आपण एकाच शब्दावर का भागवलं?

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. सगळीकडे 'वास्तववाद' ठेवू, की शाखेनुसार शब्द बदलू? आणि तुमच्या तुमच्या विषयात वास्तववादी माणूस नेमका कोणाशी भांडत असतो? प्रत्येकाने आपापल्या विषयाचं सांगितलं तर मोठी मदत होईल. छपाईला अजून दोन महिने आहेत.

तर्कटी

ओवीताई, शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. माझा विषय भारतीय तर्कशास्त्र, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. 'मनुष्यत्व खरं की नुसतं नाव' हे भांडण आपल्याकडे मध्ययुगीन युरोपाच्या कितीतरी आधीपासून आणि फार बारकाईने झालं आहे.

गोठ्यात चार गाई आहेत. एक तांबडी, एक पांढरी, एक म्हातारी, एक मारकुटी. तरी चौघींना आपण 'गाय'च म्हणतो. का? न्याय-वैशेषिकांचं, म्हणजे न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या अनुयायांचं, उत्तर असं की प्रत्येकीत 'गोत्व' आहे. ते एकच आहे, नित्य आहे, गाय मेली तरी ते मरत नाही. याला ते 'सामान्य' किंवा 'जाती' म्हणतात. बौद्ध तार्किकांना, म्हणजे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांना, हे मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, खरं फक्त समोरचं, या क्षणाचं, एकमेव असं काही असतं. 'गाय' हा शब्द 'गाय नसलेल्या सगळ्याहून वेगळं' एवढंच सांगतो. हा अपोहवाद.

नैयायिक मात्र प्रत्येक शब्दामागे जाती मानणारे भोळे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं. दहाव्या शतकाच्या सुमाराचे उदयनाचार्य याला चाळणी लावतात. आकाश एकच आहे, म्हणून 'आकाशत्व' ही जाती होत नाही. स्वयंपाक करतो तो पाचक, पण 'पाचकत्व' ही जाती नव्हे, ती उपाधी, म्हणजे कामापुरती चिकटलेली ओळख. माणूस चूल सोडून उठला की तीही गेली. काय खरं मानायचं आणि काय सोयीपुरतं, याची एवढी शिस्त फार थोड्या परंपरांमध्ये सापडते.

आता तुमच्या शब्दाकडे येतो. तत्त्वज्ञानात वास्तववादाचं दुसरंही एक भांडण आहे: बाहेरचं जग आपल्या जाणिवेपासून स्वतंत्र आहे की नाही? यासाठी संस्कृतात वेगळा शब्द तयार आहे, 'बाह्यार्थवाद'. सौत्रांतिक बौद्ध बाहेरची वस्तू मानतात पण जाती मानत नाहीत. म्हणजे एका भांडणात वास्तववादी, दुसऱ्यात त्याच्या उलट. दोन्ही भांडणांना आपण 'वास्तववाद' हेच नाव दिलं तर सौत्रांतिकांना बसवायचं कुठे? माझं मत: तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात निदान 'बाह्यार्थवाद' वापराच. शब्द जुना आहे, नेमका आहे आणि घरचा आहे.

न्यायप्रविष्ट

तालुका कोर्टात वीस वर्षं वकिली करतोय, त्यामुळे कायद्याच्या प्रकरणाबद्दल मी बोलतो.

पक्षकार येतो, कागद पुढे ठेवतो आणि विचारतो, "साहेब, काय होईल?" मी कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी दोन गोष्टी विचारतो. मॅटर कुठल्या कोर्टापुढे आहे आणि समोर वकील कोण आहे? हे मला कुठल्या प्राध्यापकांनी शिकवलं नाही, बोर्डावर बसून कळलं. पुढे वाचनात आलं की अमेरिकन न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ साली बॉस्टनमधल्या एका भाषणात हाच प्रश्न मध्यभागी ठेवला होता. कायदा म्हणजे काय, तर न्यायालयं प्रत्यक्षात काय करतील याचा अंदाज. नीतीची पर्वा नसलेल्या, फक्त आपलं काय होणार एवढंच पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी कायद्याकडे पाहा, म्हणजे तो स्वच्छ दिसेल, असं त्यांचं सांगणं होतं.

यांच्या समोर कोण होतं ते सांगतो. समोर होता रूपवाद. नियम वर, तथ्यं खाली, दोन्ही जोडली की निकाल आपोआप बाहेर पडतो, असं मानणारा. १९०५ सालचा 'लॉकनर विरुद्ध न्यूयॉर्क' खटला घ्या. बेकरीतल्या कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. कारण काय, तर मालक आणि कामगार यांच्या करार-स्वातंत्र्यावर त्याने गदा येते. भट्टीपुढे रात्रभर उभा राहणारा माणूस आणि बेकरीचा मालक यांच्यातलं 'स्वातंत्र्य'! होम्स यांनी विरोधी मत लिहिलं. सर्वसाधारण विधानांवरून विशिष्ट खटल्यांचे निकाल लागत नसतात, असं त्यांनी त्यात सांगितलं. पुढे कार्ल लेवेलिन, जेरोम फ्रँक वगैरे मंडळींनी या विचाराची चळवळ केली. फ्रँक तर न्यायाधीशाच्या स्वभावापर्यंत पोचले.

म्हणून कायद्यातला वास्तववाद हा अस्तित्वाविषयीचा सिद्धान्त नाही. तो भाबडेपणा सोडा असं सांगतो. शब्द बदलायचाच असेल तर बदला, पण त्यामागचा तो भट्टीपुढचा कामगार विद्यार्थ्यांना दिसला पाहिजे.

पिंपळपान

+१. वाचतेय. साहित्याबद्दल नंतर सविस्तर लिहिते, आत्ता पेपर तपासायला घेतले आहेत.

रंगरेषा

चित्रकलेत लोकांचा हमखास गैरसमज होतो म्हणून लगेच लिहिते. 'वास्तववादी चित्र' म्हटलं की हुबेहूब, फोटोसारखं, असं समजतात. चित्रकलेच्या इतिहासातला वास्तववाद हा हुबेहूबपणाबद्दल नव्हता. तो होता कॅनव्हासवर कोणाला जागा मिळणार याबद्दल.

१८५५ साली पॅरिसमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरलं होतं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे यांची काही मोठी चित्रं परीक्षकांनी नाकारली. त्यांनी प्रदर्शनाशेजारी स्वतःचा मांडव उभारला, त्यात चाळीस चित्रं लावली आणि मांडवाला नाव दिलं 'वास्तववाद'. त्यांचं ओर्नां गावातल्या अंत्ययात्रेचं चित्र साधारण सव्वातीन मीटर उंच आणि साडेसहा मीटरहून रुंद आहे. एवढा कॅनव्हास तोवर राजे, देवदेवता, लढाया यांच्यासाठी राखीव असायचा. त्यावर त्यांनी आपल्या गावचे लोक उभे केले, त्यांच्या खऱ्या चेहऱ्यांसकट. त्याआधी १८४९ मध्ये त्यांनी रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर रंगवले होते. एक म्हातारा, एक पोरगेला, दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. ते चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. त्याच्या छायाप्रतीपुढे मी अजूनही थांबते.

आता आपल्याकडचं पाहा. राजा रविवर्मांचं तंत्र वास्तवदर्शी: अंगावरचा प्रकाश, जरीची चमक, कापडाची चुणी. विषय मात्र पौराणिक. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना सुरू केला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत पोचल्या. आपल्या आज्जीच्या देवघरात देवी दिसायची ती मराठी घरातल्या बाईसारखी, ती या तंत्रामुळे. कूर्बे यांच्या अर्थाने हा वास्तववाद मुळीच नाही. तो शोधायचा तर मी कोल्हापूरकडे पाहीन. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीवर जातो, अशी कथा. त्या काळी पडद्यावर पुराणकथा गाजत होत्या. इथे समोरचा पक्ष कोण होता ते उघड दिसतं.

ओवीताई, म्हणून चित्रकलेच्या प्रकरणात दोन शब्द ठेवा: तंत्रासाठी 'वास्तवदर्शी', भूमिकेसाठी 'वास्तववादी'. हा फरक चित्रशाळांमध्ये काही जण करतात, सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं.

ओवी

'वास्तवदर्शी' आणि 'वास्तववादी' हा फरक लगेच टिपून घेतला, रंगरेषा. तर्कटीदादा, बाह्यार्थवादही घेते. न्यायप्रविष्ट, बेकरीचा खटला मूळ पुस्तकात एका वाक्यात उरकला आहे. तळटीप द्यायची परवानगी संपादकांकडे मागणार आहे.

राजकारणावर कोणी लिहील का? तिथे मला 'वास्तववादी' या शब्दाला युद्धखोरपणाचा वास येतो, तो बरोबर आहे का तेही सांगा.

सातासमुद्रापार

बरोबर नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा असं फार वाटतं. मी आंतरराष्ट्रीय संबंध याच विषयात शिकतोय.

या विषयातल्या वास्तववादाची सुरुवात मानलं जाणारं, ब्रिटिश अभ्यासक ई. एच. कार यांचं पुस्तक १९३९ च्या सप्टेंबरात आलं, महायुद्धाला तोंड फुटत असतानाच. राष्ट्रसंघ, करार, जागतिक लोकमत यांच्या जोरावर युद्ध टळेल, या आशेवर ते टीका करत होते. तिला ते स्वप्नरंजन म्हणत. १९४८ मध्ये हान्स मॉर्गेनथाऊ यांनी वास्तववादाला पद्धतशीर रूप दिलं: राष्ट्रं सत्तेच्या भाषेत आपलं हित ठरवतात. पण हेच मॉर्गेनथाऊ अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचे जाहीर विरोधक होते. २००२ च्या सप्टेंबरमध्ये ३३ अभ्यासकांनी वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली, की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. त्यांत केनेथ वॉल्ट्झ आणि जॉन मिअरशायमर होते, दोघेही या पंथाचे आधारस्तंभ. जग सुधारायला निघालेल्या सैन्याबद्दल वास्तववाद्याला पहिल्यापासून शंका असते. आपली ताकद किती, दुसऱ्याची किती, आणि या कामाची शेवटी किंमत कोण मोजणार, हे तो विचारतो.

आपल्याकडे कौटिल्याचं नाव सगळेच घेतात. शेजारी तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र, हे मंडळ माहीत असतं. मला मात्र रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' जास्त जवळचं वाटतं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं, करवीर दरबारातलं. त्यात साहुकारांचं महत्त्व सांगून झाल्यावर पंत टोपीकरांकडे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांकडे, वळतात. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच) हे व्यापार करतात, पण यांना इतर सावकारांसारखं समजू नका, यांच्यामागे यांचे राजे आहेत, यांना जागेचा लोभ आहे. म्हणून वखारीला खाडीच्या तोंडची, समुद्रकाठची जागा द्यायची नाही, पक्क्या इमारती बांधू द्यायच्या नाहीत. प्लासीच्या चाळीस वर्षं आधी हे लिहिलं गेलं आहे!

आणि हाच माणूस पुढे आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल लिहितो, की रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, जोराने तोडली तर त्या दुःखाचे परिणाम राज्याला भोगावे लागतात. माझ्या मते दोन्ही सल्ले एकाच नजरेतून आले आहेत. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते नीट ओळखणं, मग तो टोपीकर असो की आपलाच कुळवाडी.

कणाद

भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे समोर चिद्वादी नसतो, साधनवादी असतो. तो म्हणतो, सिद्धान्त हे आकडेमोडीचं साधन आहे, त्यातून भाकीत बरोबर आलं की झालं, त्यातल्या न दिसणाऱ्या गोष्टी खरोखर आहेत का हे विचारू नका.

याचं सगळ्यात हृद्य उदाहरण अणूचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ अणू मानायला तयार नव्हते. लुडविग बोल्ट्झमन आयुष्यभर अणूच्या बाजूने लढले आणि १९०६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मनाचा आजार जुना होता, त्यामुळे केवळ या वादाला जबाबदार धरणं बरोबर नाही. पण वेळ पाहा. १९०५ मध्येच आइन्स्टाइन यांनी ब्राउनियन गतीचा, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या अस्ताव्यस्त हालचालीचा, हिशेब मांडला होता आणि १९०८ पासून झाँ पेराँ यांनी प्रयोगांनी तो पडताळला. पेराँ यांनी केलं काय, तर एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक वाटांनी अ‍ॅव्होगाड्रो संख्या काढली, म्हणजे ठरावीक मापाच्या पदार्थात किती कण असतात तो आकडा. पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या हालचालीवरून काढा, ते कण तळाकडे कसे दाटत जातात त्यावरून काढा, उत्तर जवळपास तेच. अणू नसते तर इतक्या वाटा एकाच दारात कशा आल्या असत्या? १९०९ मध्ये ओस्टवाल्ड यांनी आपलं मत बदललं आणि तसं छापून जाहीर केलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. १९८१ मध्ये लॅरी लाउडन यांनी यादीच काढली: फ्लॉजिस्टन (जळताना बाहेर पडतो असा मानलेला पदार्थ), कॅलरिक (उष्णतेचा मानलेला द्रव), ईथर (प्रकाश वाहून नेणारं मानलेलं माध्यम). हे सगळे सिद्धान्त आपापल्या काळात यशस्वी होते आणि ज्या गोष्टींबद्दल बोलत होते त्या नव्हत्याच. मग आजच्या यशावरून आजच्या गोष्टी खऱ्या कशा मानायच्या? यावर इअन हॅकिंग यांचं उत्तर मला पटतं: इलेक्ट्रॉन फवारून दुसरं काही घडवता येत असेल तर इलेक्ट्रॉन आहेत. ज्याला हत्यार म्हणून वापरता येतं ते आहे.

पुंज-यांत्रिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) हाच शब्द पुन्हा वेगळ्या अर्थाने येतो, ओवीताई, तिथे सावध राहा. 'स्थानिक वास्तववाद' यातला वास्तववाद म्हणजे मोजण्याआधीच कणाच्या गुणधर्माला ठरलेली किंमत असते, ही समजूत. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं की हे गृहीत धरलं, आणि दूरच्या मोजमापाचा इथे तत्काळ परिणाम होत नाही हेही धरलं, तर प्रयोगातल्या आकड्यांना एक मर्यादा पडते. प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना याच कामासाठी मिळालं. 'वास्तव खोटं ठरलं' असे मथळे तेव्हा आले होते. खोटी ठरली ती या दोन समजुतींची जोडी.

एवढं लिहून एक प्रश्न विचारतो. हे सगळे अर्थ इतके परके आहेत का? मला एक समान सूत्र दिसतं: आपल्या समजुतीला न जुमानणारं काहीतरी आहे. आपण मानलं काय, न मानलं काय, ते आहेच. हे सूत्र धरलं तर एकच शब्द ठेवायला हरकत नाही.

पिंपळपान

पेपर संपले. साहित्यात हा शब्द आज नुसता शाबासकीचा होऊन बसला आहे. परीक्षणात 'वास्तववादी चित्रण' लिहिलं की कादंबरी चांगली. पण सुरुवातीला तिथेही भांडण होतं. अद्भुतरम्य राजपुत्रांच्या कथा चालू असताना हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये एका मध्यमवर्गीय मुलीच्या तोंडून तिची कहाणी क्रमशः छापली, केशवपनापर्यंतची. तेव्हाची मुख्य लढाई रम्यतेशी होती.

साठच्या दशकात बाबूराव बागूल आले आणि भांडण बदललं. दलित लेखकांनी विचारलं, तुम्ही ज्याला वास्तव म्हणता ते कोणत्या खिडकीतून दिसणारं आहे? वाड्याच्या माडीवरून महारवाडा दिसत असेल, पण महारवाड्यातून वाडा कसा दिसतो ते कुणी लिहिलं होतं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा ते वाचणाऱ्या कितीतरी घरांना आपल्याच गावाचा नकाशा नव्याने कळला. म्हणून कणाद, तुमचं सूत्र मला अपुरं वाटतं. साहित्यात वास्तव 'आहेच' एवढ्याने भागत नाही, ते कोण सांगतंय यावर ते दिसणं अवलंबून असतं.

अवांतर: 'जादुई वास्तववाद' हा शब्द लॅटिन अमेरिकेतला नाही. फ्रांझ रो या जर्मन कला-समीक्षकांनी १९२५ मध्ये तो चित्रकलेसाठी वापरला.

सावली

कणाद, पिंपळपान, तुमच्या दोघांच्या मधोमध मला एक उदाहरण ठेवायचं आहे. जात.

वर तर्कटींनी नैयायिकांची 'जाती' सांगितली. तो शब्द आणि आपली सामाजिक जात हा नुसता योगायोग आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. मग वाचलं की मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले, कुमारिल भट्टांनी ब्राह्मणत्व ही खरोखरची जाती आहे, आईवडील कोण हे माहीत असलं की ती प्रत्यक्ष दिसते, असा युक्तिवाद केला होता. म्हणजे गोत्वासारखंच ब्राह्मणत्व. आणि धर्मकीर्तींनी बुद्धी नष्ट झाल्याच्या पाच खुणा सांगितल्या, त्यांत जातीचा गर्व ही एक. सामान्य खरं की नुसतं नाव, या कोरड्या दिसणाऱ्या वादात कोणाला पाणवठ्यावर येऊ द्यायचं हा प्रश्न दडलेला होता. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता बाबासाहेबांकडे या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि करू न दिलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यात ते म्हणतात, जात ही काही विटांची भिंत नाही की काटेरी तारेचं कुंपण नाही, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. वरवर पाहता हा चिद्वाद वाटेल. पण त्याच भाषणात ते पेशवाईतल्या अस्पृश्यांच्या गळ्यातलं मडकं सांगतात, कंबरेचा झाडू सांगतात. कल्पना आहे म्हणून ती विरून जाईल असं ते कुठेही म्हणत नाहीत. उलट भिंत पाडणं सोपं, हे अवघड, कारण धर्मशास्त्रावरची श्रद्धा तिला आधार देते, असं सांगतात.

कणाद, तुमचं सूत्र होतं, आपण मानलं न मानलं तरी जे आहेच ते वास्तव. जात माणसांनी मानली म्हणून आहे. सगळ्यांनी एका दिवशी मानणं सोडलं तर ती उरणार नाही. पण मी एकटीने मानणं सोडलं तर? माझं आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणाऱ्या घरमालकावर माझ्या न मानण्याचा काडीचा परिणाम होत नाही. दोनदा हे अनुभवलं आहे. माझ्यापुरती ती विटांच्या भिंतीइतकीच टणक आहे.

समाजशास्त्रातल्या वास्तववादाचं भांडण इथे आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांनी, त्यांचे वडील भारतीय आणि आई इंग्रज, सत्तरच्या दशकात हे फार नीट मांडलं. समाजरचना माणसांच्या वागण्यातूनच टिकते, पण प्रत्येक माणूस जन्माला येतो तेव्हा ती आधीच उभी असते. आपण ती बनवत नाही, आपण ती पुढे चालवतो किंवा बदलतो. समोर दोन पक्ष आहेत. 'फक्त माणसं खरी, समाज वगैरे काही नसतो' म्हणणारा एक आणि 'सगळं भाषेतच आहे' म्हणणारा दुसरा. दोघांनाही ती खोली मिळाली असती, हे मला दिसतं.

तर्कटी

सावलीताई, दोनदा वाचलं. मी कुमारिल शिकवतो, पण हा भाग 'वर्णविषयक चर्चा' म्हणून वेगळा काढून टाकत आलो. पुढच्या सत्रापासून तो सामान्याच्या वादातच शिकवेन. प्राभाकर या मीमांसकांच्याच दुसऱ्या पंथाने ब्राह्मणत्वाला जाती मानायला नकार दिला होता, तेही तिथेच यायला हवं. म्हणजे वाद परंपरेच्या आतही होता, हे मुलांना कळेल. उदयनांच्या शब्दांत विचारायचं तर सामाजिक जात ही 'जाती' नव्हेच, ती उपाधी. पण पाचकाची उपाधी चूल सोडली की जाते, ही मात्र जात नाही. अशा उपाधीसाठी मला परंपरेत शब्द आठवत नाही. तो आपल्याला घडवावा लागेल.

कणाद

सावली, मान्य. माझं सूत्र दुरुस्त करतो: 'आपल्या' समजुतीला न जुमानणारं, यातला 'आपण' कोण हे आधी सांगायला हवं. अणूच्या बाबतीत तो सगळी माणसं, जातीच्या बाबतीत एकटा माणूस. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रंगरेषा

थोडं वेगळं, पण विषयाला धरून. माझी पुतणी पाच वर्षांची आहे. तिला विचारलं, सूर्याला सगळ्यांनी चंद्र म्हणायचं ठरवलं तर चालेल का? ती म्हणाली, "नाही, मग दिवसा अंधार होईल." झाँ पियाजे यांनी मुलांना असेच प्रश्न विचारले होते आणि या टप्प्याला त्यांनी 'वास्तववाद' हेच नाव दिलं. नाव वस्तूतच असतं, स्वप्न खोलीतच घडतं, असं मूल मानतं. मानसशास्त्रातला वास्तववाद म्हणजे पार करायचा टप्पा! ओवीताई, हाही अर्थ यादीत घाला.

ओवी

घातला. तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. तीन दिवस धागा पुन्हा पुन्हा वाचून काय ठरवलं ते सांगते.

'वास्तववाद' सगळ्या प्रकरणांत ठेवते. विद्यार्थी पुढे दुसरीकडे वाचतील तेव्हा हाच शब्द त्यांना भेटणार आहे, तो लपवून उपयोग नाही. पण प्रत्येक प्रकरणात तो पहिल्यांदा येईल तिथे माझं एक वाक्य जोडायची परवानगी संपादकांनी दिली आहे. त्या वाक्यात समोरच्या पक्षाचं नाव असेल. तत्त्वज्ञानात बाह्यार्थवाद आणि सामान्याविषयीचा वास्तववाद असे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग. चित्रकलेत 'वास्तवदर्शी' वेगळा. समाजशास्त्राच्या प्रकरणात मूळ लेखकाचं उदाहरण पैशाचं आहे. त्याशेजारी जातीचं उदाहरण घेण्याची विनंती मी प्रकाशकांमार्फत लेखकाला पाठवली आहे. सावली, मसुदा तुम्ही तपासाल का?

कायद्याच्या प्रकरणासाठी केलेलं वाक्य इथे देते, चुका काढा: "कायद्यातील वास्तववादी रूपवाद्यांच्या विरोधात उभे होते, नियम खरे नसतात, न्यायाधीशाचा निर्णय हाच कायदा असतो, असे त्यांचे म्हणणे होते."

सावली

नक्की तपासेन. पाठवा.

न्यायप्रविष्ट

ओवीताई, वाक्याचा पहिला भाग ठेवा. दुसरा बदला. 'नियम खरे नसतात' असं त्यांतले बहुतेक जण म्हणत नव्हते. लेवेलिन यांनी तर पुढे अमेरिकेच्या व्यापारी कायद्याची संहिता लिहिण्याच्या कामात पुढाकार घेतला. नियमांवर विश्वास नसलेला माणूस आयुष्याची वर्षं नियम लिहिण्यात घालवत नाही. असं करा: "नियमांवरून निकाल आपोआप निघत नाही, नियम आणि निकाल यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो आणि त्याचा अभ्यास करायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते."